खाली गेलेल्या पंखाला टेकू

एक्स-रे बघताना पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरूनच फिल्म वाचायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे एक्स-रेलाही नाही. सतरा वर्षं मी हे काम करतोय. शिशाचं 'आर' किंवा 'एल' अक्षर जागेवर ठेवल्याशिवाय माझा हात बटणाकडे जात नाही.

म्हणून रेडिओवरची विमानं उडवणारी पोरं मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, यात सगळ्यात अवघड म्हणजे समोरून येणारं विमान. लांब जाताना त्याचं डावं ते आपलं डावं. वळून आपल्याकडे आलं की सगळं उलटं," तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आपलं रोजचंच आहे.

रोजचं नव्हतं. डोळ्याला कळणं आणि अंगठ्याला कळणं यांच्यामध्ये माझं जवळजवळ एक वर्ष गेलं.

ही पोरं भेटली फेब्रुवारीत. रविवारी सकाळी मुलीला घेऊन दंडोबाच्या डोंगरावर गेलो होतो. उतरून परत येताना माळावर चार-पाच जण उभे दिसले, सगळ्यांच्या माना वर. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं. वजन उचलणाऱ्या विमानांच्या स्पर्धेला जाऊन आलेली, आणि आता स्पर्धा संपल्यावर नुसतं मन रमवायला पांढऱ्या फोमचं एक विमान उडवत होती. ते आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा पंख्याचा आवाज मागे आणि सावली पुढे अशी गेली. माझी मुलगी, वय वर्षं अकरा, सावलीच्या मागे धावत सुटली. मी मात्र जागचा हललो नाही. एवढं मोठं दिसणारं विमान हवेत थांबल्यासारखं कसं राहतं, हेच बघत राहिलो. त्यांनी ते उतरवून माझ्या हातात दिलं. हातात घेतल्यावर कळलं की त्याला वजनच नाही.

सामान जमवायला महिना लागला. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. मोटर २२१२ नंबरची; या आकड्याचा अर्थ आतल्या स्टेटरचा व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२. तिच्यावर १००० केव्ही लिहिलेलं असतं, ते किलोव्होल्ट नव्हे: भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, एवढाच त्याचा अर्थ. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ३० अँपिअरचा ईएससी, शेपटी आणि पंखाचे हलणारे भाग फिरवणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या चार छोट्या मोटरी, म्हणजे सर्वो, दहा इंची पंखा, तीन सेलची २२०० एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि तिचा चार्जर. सगळं मिळून साडेअकरा हजार झाले. घरी मी आकडा खरा सांगितला. बायको म्हणाली, "अहो, मग नीट शिका तरी."

पहिलं विमान पाच मिलिमीटरच्या फोमशीटचं. पंख वर बसवलेला, लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २०. शिकायला असंच विमान घ्यावं: पंख वर आणि दोन्ही टोकं किंचित उचललेली असली की ते कलल्यावर आपणहून सरळ व्हायला बघतं. दोन शनिवार-रविवारांत ते उभं राहिलं. सर्वोपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या काड्या सायकलच्या स्पोकच्या. पंख धडावर रबरबँडांनी बांधलेला, म्हणजे आपटलं तर पंख सुटून येतो, मोडत नाही. झटकन चिकटणारा सुपरग्लू मी एका ठिकाणी फोमवर टाकला आणि डोळ्यांदेखत तिथे भोक पडलं. तो गोंद फोम खातो. तिथून पुढे हॉट ग्लूच वापरला.

मार्चमध्ये ते पहिल्यांदा उडवलं. एका पोरानं हातानं सोडलं, मी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, पूर्ण दिला. विमानानं नाक वर केलं, आणखी वर केलं, जवळजवळ उभं राहिलं, क्षणभर थांबलं आणि डावा पंख टाकून खाली आलं. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत मोजलं: अकरा सेकंद.

"काका, शेपूट जड आहे," तो मुलगा म्हणाला. त्यानं पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचललं. शेपटी बदकन खाली गेली. बोटं मागे मागे सरकवत नेली तेव्हा ते पंखाच्या पुढच्या कडेपासून नऊ सेंटिमीटरवर तोललं. वीस सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला हा तोल पाच ते सहावर हवा, म्हणजे रुंदीच्या पावपासून जेमतेम एक तृतीयांशापर्यंत. बॅटरी पुढे मावत नव्हती म्हणून मी ती पंखाखाली बसवली होती. मला ती अगदी साधी तडजोड वाटली होती. पण तोल मागे गेला की नाकाला वर जाण्यापासून अडवणारं काही उरत नाही. नाक जास्त वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा त्याला धरून राहत नाही, सुटते, आणि मग पंख हा नुसता एक फळकुट असतो. विमान पडलं ते माळावर, पण बिघडलं होतं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आदल्या रविवारी.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. दर उड्डाणाची तारीख, वारा, तोल किती सेंटिमीटरवर, किती मिनिटं, उतरल्यावर प्रत्येक सेल किती व्होल्टवर. लायपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायचा असेल तर ३.८, आणि ३.५ च्या खाली मी जाऊ देत नाही. या बॅटऱ्यांशी हयगय करू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही, चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. मी चार्जर फरशीवर ठेवतो, जवळ वाळूची बादली असते.

उन्हाळ्यात माळावर नऊनंतर वारा उठतो, मग फोमचं विमान कागदासारखं हेलपाटतं. त्यामुळे पहाटे साडेपाचला निघायचं. पोरांनी त्यांचा ट्रान्समीटर आणि माझा केबलनं जोडला: दांड्या माझ्या हातात, पण एक स्विच त्यांच्याकडे. तो सोडला की विमान त्यांच्या ताब्यात. एप्रिल-मे अशा जोडीनं उडवलं. घरी रात्री कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. लांब जाणारं विमान मला दोन आठवड्यांत जमलं. वळणही जमलं. समोरून येणारं जमेना. दर वेळी पोरगा म्हणायचा, "घेतलं, काका," आणि स्विच सोडायचा.

नक्की काय होतं ते सांगतो, कारण शिकणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. विमान तुमच्याकडे येतंय. त्याचा तुमच्या डाव्या हाताकडचा पंख खाली गेला. मन म्हणतं, ते डावीकडे पडतंय, उजवीकडे ओढ. तुम्ही दांडी उजवीकडे नेता. पण खाली गेलेला पंख विमानाचा उजवा आहे. उजवी दांडी त्याला आणखी खाली ढकलते. तुम्ही घाबरून आणखी उजवीकडे नेता. चार सेकंदांत विमान गिरकी घेत जमिनीत. उपाय एका वाक्याचा आहे: समोरून येताना जो पंख खाली गेलेला दिसेल, दांडी त्याच बाजूला न्यायची, जणू त्या पंखाखाली टेकू लावतोय. वाक्य मला मार्चमध्येच पाठ होतं.

पावसाळ्यात पोरांच्या परीक्षा, मग सुट्टी. सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाली तशी मी आणि मुलगी दोघंच माळावर गेलो. तिच्या हातात मोबाइलचा टायमर. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून या माळाच्या कडेकडेनं ऊस उभा राहिलाय, आणि सप्टेंबरचा ऊस म्हणजे माणसाच्या डोक्यावर हात-दोन हात. चार मिनिटं छान गेली. पाचव्या मिनिटाला विमान उसाच्या बाजूनं वळून माझ्याकडे यायला लागलं आणि डाव्या हाताकडचा पंख कलला. वाक्य आठवलं. मला नीट आठवतंय की ते आठवलं. पण तोपर्यंत अंगठा उजवीकडे जाऊन पोचला होता.

उसात विमान पडल्याचा आवाज होत नाही. सरसर होतं, आणि मग नुसता वारा.

पहिली गोष्ट थ्रॉटल शून्यावर. पंखा अडकलेला असताना मोटर फिरवली तर ईएससी जळतो. मग दिसेनासं झालं ती जागा कुठल्या खुणेच्या रेषेत आहे ते बघायचं. मागे ११ केव्हीच्या लाइनचा एक खांब होता. मुलीला म्हटलं, "तू इथेच थांब आणि त्या खांबाकडे हात करून ठेव, हात खाली घेऊ नकोस." आणि मी उसाकडे निघालो.

बांधावर शेतमालक उभे होते. साठीचे असतील. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"मोजणीचं हाय का ओ ते?"

"नाही मामा. खेळण्यातलं आहे. हौसेचं."

"कॅमेरा-बिमेरा?"

"नाही. मी काढून दाखवतो तुम्हाला."

त्यांचा संशय रास्त होता. हल्ली ड्रोननं गावठाणांची मोजणी झालेली लोकांनी पाहिली आहे. आकाशात काही भिरभिरलं की जमिनीचा विचार आधी येतो. उडवणाऱ्यानं आपणहून जाऊन बोलावं, हे मी तेव्हापासून पाळतो. कायद्याचंही थोडं इथेच सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेसाठी, शिक्षणासाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. पण आकाश सगळ्यांना एकच: डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर लाल, पिवळ्या आणि हिरव्या भागांचा नकाशा असतो, तो बघूनच जागा ठरवायची. आमच्याकडे सगळ्यात जवळची प्रवासी विमानं कोल्हापूरला उतरतात, त्यामुळे माळ हिरव्यात आहे आणि तिथे ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. नकाशा बदलू शकतो, म्हणून मी निघण्याआधी एकदा बघतोच. पुण्यातल्या माझ्या मेव्हण्याला ही चैन नाही. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे.

"असं मधनं घुसू नका," मामा म्हणाले. "सरी धरा. आन् बाह्या खाली करा, पाला कापतोय."

आम्ही दोघं आत शिरलो. उभ्या उसात शिरलं की दहा पावलांत दिशा जाते. वर पात्यांचं छप्पर, खाली ओल, पाचटाचा वास, चेहऱ्यावर कुसळं. मामा पुढे काठीनं जमीन आपटत चालले होते, सापासाठी. दर थोड्या वेळानं मी थांबायचो आणि लांबून मुलीला ओरडून विचारायचो, ती ओरडायची, "अजून उजवीकडे, बाबा!" आणि मला थांबून विचार करावा लागायचा: तिचं उजवं की माझं?

शेवटी ट्रान्समीटर बंद केला. सिग्नल तुटला की माझा ईएससी थांबून थांबून बीप करतो. वारा पडल्यावर आवाज ऐकू आला, टिटवीच्या पिलासारखा, एका सुरात. चौदाव्या सरीत दोन उसांच्या बेचक्यात विमान अडकलं होतं. पंख शाबूत. नाक चेपलेलं, बॅटरीचा एक कोपरा दबलेला. मामांनी ते खाली घेतलं, दोन्ही हातांवर धरलं, वर-खाली करून बघितलं.

"लई हलकं की ओ," ते म्हणाले, आणि जरा वेळ परत देईनात.

दबलेली बॅटरी त्या रात्री अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली, दुसऱ्या दिवशी गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब लावून पूर्ण रिकामी केली आणि मगच टाकायला दिली. फोमचं धड दुरुस्त होण्यासारखं होतं. पण मी ठरवलं की आता लाकडाचं बांधायचं. नेमकं का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा मामांच्या हातात ते विमान बघून वाटलं असावं: कोणी असं तोलून बघणार असेल तर ती वस्तू तशी बनवलेली असावी.

बाल्सा हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं. भराभर वाढणारं झाड, आणि वाळलं की त्याच्या आत बहुतेक हवाच. तीन इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब अशा पट्ट्या मिळतात. दोन मिलिमीटर जाडीच्या दहा पट्ट्या मागवल्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवली. मापं सगळी सारखी, पण एक भरली पंधरा ग्रॅम, दुसरी अठ्ठावीस. हलक्या शेपटीसाठी बाजूला काढल्या, जड पुढच्या अंगाला. शेपटी तोलाच्या बिंदूपासून लांब असते. तिथे एक ग्रॅम वाढला तर तो तोलायला नाकात जवळजवळ तीन ग्रॅम घालावे लागतात.

दवाखान्यात डिजिटल आल्यावर जुने व्ह्यू बॉक्स, मागून उजेड देऊन फिल्म बघायच्या पेट्या, भंगारात निघाले होते. एक मी रीतसर पावती करून घरी आणला. त्याच्या उजेडावर बाल्साची पातळ पट्टी धरली की आतले धागे दिसतात: कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एखादी कठीण रेघ तिरकी गेलेली. तिरक्या रेघेवरून लाकूड पुढे वाकणार हे नक्की. मी त्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या. इतकी वर्षं त्या उजेडावर माणसांच्या बरगड्या बघितल्या, आता विमानाच्या बघत होतो; कारागीर पंखाच्या आतल्या त्या आडव्या फळ्यांना बरगड्याच म्हणतात, आणि याहून चपखल शब्द मला सुचणार नाही.

मला एकवीस बरगड्या हव्या होत्या, सगळ्या हुबेहूब. छेद 'क्लार्क वाय' नावाचा: वरून फुगीर, खालून बहुतेक सपाट, १९२२ पासून वापरात असलेला. खालची बाजू सपाट असल्यामुळे पंख टेबलावर ठेवून बांधता येतो. रीत अशी की प्लायवुडचे दोन साचे कापायचे, त्यांच्यामध्ये बाल्साचे एकवीस चौकोनी तुकडे रचायचे, आरपार दोन बोल्ट घालून आवळायचं आणि तो सगळा गठ्ठा एकदम घासायचा. इथे मी अडलो. साच्यापर्यंत येता येता मधल्या बरगड्या खोलगट होत होत्या.

आमच्या गल्लीच्या टोकाला सितार-तंबोरे बनवणाऱ्यांचं दुकान आहे. मिरजेला ही कला पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी गठ्ठा घेऊन चाचांकडे गेलो. ते भोपळ्याच्या कडेवर कानस चालवत होते. हात न थांबवता त्यांनी बघितलं, मग कानस ठेवली आणि आधी बाल्साचा एक सुटा तुकडा कानाजवळ नेऊन बोटाच्या पेरानं टक् टक् केलं.

"आवाजच न्हाई रे याला."

तून लाकडाचा आवाज ऐकण्यात आयुष्य गेलेला माणूस. मी म्हटलं, "चाचा, याला वाजायचं नाही, उडायचंय."

त्यांनी गठ्ठा हातात घेतला. "कागद बोटांनी दाबून घासलास. बोट मऊ, लाकूड त्याहून मऊ, मग खड्डा पडणारच. ठोकळ्याला गुंडाळ कागद. लांब ठोकळा घे, दोन्ही साच्यांवर एकदम टेकला पाहिजे." मग माझा हात धरून त्यांनी तो ठोकळा फिरवून दाखवला. जोर नव्हताच त्यात. ठोकळ्याचं वजन तेवढाच जोर. घासून झाल्यावर डोळे मिटून तळवा गठ्ठ्यावरून उलटा-सुलटा फिरवायला लावला. जिथे हाताला अडलं तिथे पेन्सिलीनं खूण. पुन्हा ठोकळा. दीड तास मी त्यांच्या दुकानात बसून घासत होतो आणि ते शेजारी भोपळा घासत होते. गठ्ठा सोडवला तेव्हा एकवीस बरगड्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. एकेक जेमतेम एक ग्रॅमची.

निघताना त्यांनी तंबोऱ्याच्या पोलादी तारेचा एक उरलेला तुकडा दिला. "ही ताणून लाव पंखाच्या कडेला. डोळा फसतो, तार न्हाई फसत." ती तार मी अजून वापरतो. पंखाची पुढची कडा तिच्याशी लावली की केसाएवढा बाकही दिसतो. एका बाजूला दीड मिलिमीटरचा पीळ निघाला. तो तसाच राहिला असता तर विमान जन्मभर एकीकडे ओढत राहिलं असतं. दोन्ही अंगांनी सारखं ओलं करून, उलट पीळ देऊन, वजनाखाली रात्रभर ठेवलं. सकाळी तारेशी जुळलं.

आराखड्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर टाचण्या टोचून सांगाडा, बरगड्या एकेक करून उभ्या करायच्या, काटकोन बघायचा, गोंदाचा थेंब. थेंब म्हणजे थेंबच. गोंदालाही वजन असतं. दिवाळीनंतरचे सहा आठवडे रात्री नऊ ते अकरा मी एवढंच केलं. वरून इस्त्रीनं चिकटवायची आणि तापवून ताणायची प्लॅस्टिकची फिल्म लावली. खालून उजव्या पंखाला रुंद काळी पट्टी आणि तिच्यात मोठं 'उ', डावा पंख नारिंगी. आकाशाच्या उजेडात शंभर-दीडशे मीटरवर सगळेच रंग काळपट दिसतात, तेव्हा रंगातल्या फरकापेक्षा पट्टी असणं-नसणं जास्त लवकर कळतं. बॅटरीसकट वजन भरलं ८२० ग्रॅम. तोल साडेपाच सेंटिमीटरवर, बॅटरी आपल्या जागी, नाकात एकही शिसं नाही.

पण अंगठा अजून तसाच होता. आणि हे विमान मला उसात घालायचं नव्हतं.

ते मुलीनं सोडवलं, आणि सहज. डिसेंबरच्या एका संध्याकाळी ती अंगणात दोन्ही हात पसरून विमान झाली होती आणि माझ्याकडे धावत येत होती. मी पायरीवर ट्रान्समीटर घेऊन बसलो होतो, बंदच. तिनं एक हात खाली केला आणि माझा अंगठा चुकीच्या बाजूला गेला. "चुकलं!" ती म्हणाली. मग आम्ही तो खेळच केला. ती फाटकापासून धावत यायची, मधेच एक हात खाली करायची. मी दांडी बरोबर नेली तर हात सरळ करायची, चुकीची नेली तर आणखी कलून माझ्या अंगावर येऊन पडायची. रोज अर्धा तास. आठव्या-नवव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता तू चुकतच नाहीस, मजा नाही येत."

मी नंतर विचार केला. फिल्मवरचा पेशंटही माझ्याकडे तोंड करूनच उभा असतो. पण तो हलत नाही, आणि मला त्याच्यासाठी हातानं काहीच करायचं नसतं. अक्षर ठेवलं की काम झालं. सतरा वर्षांत माझ्या डोळ्यांनी उलटं वाचलं होतं, हातानं एकदाही उलटं काही केलं नव्हतं. सिम्युलेटरवरचं विमान छोटं आणि लांब. पोटची पोर धावत येताना मात्र पडू नये असं आतून वाटतं, आणि त्या वाटण्याला अंगठा सगळ्यात लवकर जुळतो.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता माळावर गेलो. थंडी होती, ढालगावच्या बाजूच्या पवनचक्क्या धुक्यात उभ्या, त्यांची पाती हलत नव्हती. पोरं आली होती. उसाची तोड होऊन गेलेली, कडेचं रान मोकळं. मूठभर माती सोडून बघितली, सरळ खाली पडली. मग उडवण्याआधीची तपासणी: दांडी उजवीकडे, उजव्या पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी वर, मोठ्यानं म्हणालो, "उजवा वर." डावीकडे, "डावा वर." पोरांना सवयीचं झालंय ते. पंखाला हात लावून एकानं विचारलं, "काका, सोडू हातानं?" मी म्हटलं, "नको, चाकांवर जाऊ दे."

बारा-पंधरा मीटर धावलं. मग चाकांचा खडखड आवाज बंद झाला, आणि विमान वर आहे हे मला त्या शांततेवरून कळलं. फोमपेक्षा हे वेगळं होतं. फोमचं विमान वाऱ्यावर तरंगायचं, हे हवा कापत पुढे जात होतं. थ्रॉटल दिला की थोडं डावीकडे ओढत होतं, पंख्याच्या फिरण्याचा तो परिणाम. ट्रिमचे, म्हणजे दांडीचा मध्य किंचित सरकवणाऱ्या बटणाचे, चार टक् देऊन तेवढ्यापुरतं सरळ केलं. दोन फेऱ्या लांबून मारल्या, मग आडवा इंग्रजी आठ. एक घार आली, आमच्या विमानाच्या वर गोल फिरत राहिली, पंख न हलवता, आणि कंटाळून निघून गेली. चार मिनिटांनी मुलगी म्हणाली, "आता आण ना तुझ्याकडे."

वळवलं. थ्रॉटल निम्म्याच्या खाली, नाक किंचित खाली, विमान माझ्याकडे यायला लागलं. ते मोठं होत गेलं. शेवटच्या पाच मीटर उंचीवर तापू लागलेल्या जमिनीवरून एक झुळूक उठली असावी, माझ्या डाव्या हाताकडचा, काळ्या पट्टीचा पंख खाली गेला. अंगठा डावीकडे गेलेला मला नंतर दिसला. पंख उचलला, सरळ झालं, थ्रॉटल बंद केला, दांडी हळू मागे, मागे. आधी मुख्य चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली, आणि धूळ मागे सोडत ते माझ्या बुटांपासून आठ पावलांवर येऊन थांबलं.

कोणी काही बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, "सहा मिनिटं चाळीस सेकंद."

पंखाचे रबरबँड तपासले, बॅटरी काढली. कोमट होती. पोरं फोटो काढत होती तेवढ्यात मी गाडीच्या सीटवर वही उघडली आणि लिहिलं: वारा नाही. तोल ५.५. ६ मि. ४० से. सेल ३.८२, ३.८२, ३.८१. थ्रॉटलला डावीकडे ओढतं. मोटरच्या डाव्या स्क्रूंखाली वॉशर घालून तोंड किंचित उजवीकडे करणे.